हेडफोनचा काळा धागा

खरं सांगू का, शेजारच्या शांताबाईच्या सुनेला घरबसल्या कंप्युटरवर नोकरी लागणार हे ऐकल्यापासून मला चहा गोड लागेना. माझी सून तर मोबाइलवर नुसत्या साड्या पाहते! मुलाखतीच्या दिवशी विरजण मागायच्या निमित्तानं मी जाऊन बसलेच.

शांताबाईची सून कानाला हेडफोन लावून "हॅलो सर, हॅलो सर" करत होती. सरांचं तिला ऐकू येई, तिचं सरांना नाही.

"आई, ते म्हणतात आवाज नाही आला तर दुसऱ्याला घेऊ," ती रडकुंडीला आली.

शांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. "वायरले काळा धागा बांधला होता वो मी. तरी लागलीच नजर!"

"मले काहून पाहून राहिली?" म्हणत मी वायर ओढली. माईकचं बारकं बटण वायरवरच होतं, नेमकं धाग्याखाली दबून बंद झालेलं. शांताबाई हातमाग चालवणारी, तिची गाठ ती, दातांनी सोडावी लागली. बटण वर सरकवलं आणि सुनेचा चेहरा फुलला, "येते ना सर आवाज?"

नोकरी लागली. शांताबाई धागा घेऊन उभी, "आता हा कुठं बांधू वो?"

मी हात पुढे केला. "नजर माझीच हाय ना? मंग बांध इथंच."