डॅनी सर मायनर होते

अरे, आमच्या शाळेतल्या डॅनी सरांना घर कसं मिळालं, ते ऐका. अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवर, पिचर होते, म्हणजे चेंडू फेकायचे. आता इथे चेन्नईत, पेरुंगुडीत गणित शिकवतात. भाड्याच्या घरासाठी सगळीकडून नकार, आणि हॉटेल सोमवारी सोडायचं. मी त्यांना घर भाड्याने देणाऱ्या, तंजावरकडच्या एका मराठी मामींकडे नेलं. म्हटलं आपलीच भाषा, पटवू.

मामींनी विचारलं, "हा आधी काय करायचा?"

मी बिनधास्त म्हटलं, "सहा वर्षं मायनर लीगमध्ये होते."

मामींचा चेहरा पडला. तेव्हा मला आठवलं, तमिळमध्ये मायनर म्हणजे गळ्यात सोन्याची चेन घालून बायकांमागे फिरणारा.

"मग का सोडलं?"

मी सरांना इंग्रजीत विचारलं. ते म्हणाले, "खांदा गेला." मी तेच मामींना सांगितलं.

"कुणाच्या नवऱ्याने मोडला?"

"अहो मामी, तो खेळ असतो."

"त्यांना खेळच वाटतो रे." मग सरांकडे बघून म्हणाल्या, "पण तोंडावर खरं सांगतोय. ही घे किल्ली, दे त्याला. फक्त सकाळी बायका गच्चीवर कपडे वाळत घालतात, तोवर याने खालीच बसायचं."

जिना उतरताना सर खुशीत मला म्हणाले, "मामींना बेसबॉलमधलं बरंच कळतं."