पहिली सर्व्हिस

—नाही म्हटलं ना, बॉल मिळणार नाही. इतिहास हवा तेवढा घ्या, फोटो घ्या, माझी जर्सी घ्या, कपाटात नुसती जागा अडवतेय — पण बॉल नाही. तुमच्या प्रदर्शनात काचेआड ठेवायला दुसरं काहीतरी शोधा. आणि जरा हळू बोला, आत ताई आहे. हो, तीच, आमची कॅप्टन, माझी सख्खी बहीण. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते ती — इथे कॉटवर बसा, ते युनिफॉर्म सारा बाजूला. मला बटणं लावायचीत, हात चालू राहतील. तोंड काय, चालूच असतं.

तर स्पर्धा. महिलांची राष्ट्रीय व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा — नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! मुक्काम कुठे, तर शाळेच्या वर्गात, बाकं जोडून झोपायचं, आणि अख्ख्या संघाला मिळून एक नळ. तरी वर्षभर आम्ही तेवढ्यासाठीच जगायचो, खरंच सांगते. ताई स्मॅश मारायची, मी लिफ्टर — म्हणजे तिला बॉल उंच उचलून द्यायची. पेपरात फोटो कुणाचा? तिचा. मोडकी बोटं कुणाची? ही बघा, एक सरळ असेल तर शपथ. वाईट वाटायचं का? वाटायचं की, खोटं कशाला बोलू — पण मारून खाली आली की ती आधी माझ्याकडे बघायची, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नाही. तेवढं मला पुरायचं हो.

आता बॉलचं सांगते, म्हणजे कळेल मी का अडून बसलेय. त्या स्पर्धेत एक पद्धत होती — जिंकलेल्या कॅप्टननं फायनलचा बॉल घरी न्यायचा, वर्षभर सांभाळायचा, आणि पुढच्या वर्षी उद्घाटनाला त्याच बॉलनं पहिली सर्व्हिस तिनंच करायची. ती झाल्याशिवाय स्पर्धा सुरू झाली असं कुणी मानायचंच नाही. आम्ही जिंकलो, ताईनं बॉल आणला — आणि पुढचं वर्ष आलंच नाही. का? स्पर्धा भरवणाऱ्या मंडळात दोन गट पडले. हे म्हणतात स्पर्धा आमची, ते म्हणतात आमची — ओढाताण करून करून शेवटी कुणीच भरवली नाही. त्यांचं काय गेलं? खुर्च्या शाबूत राहिल्या. ताई मात्र दर मोसमाला बुटांच्या नाड्या धुऊन तयार. लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे, म्हणायचे, ताई, पुरे आता.

आणि आता तर तिचं डोकंच साथ देत नाही. मला कधी ओळखते, कधी आई म्हणून हाक मारते. बॉल तेवढा विसरत नाही. उठली की दाबून बघते, पंपानं हवा भरते, ओल्या फडक्यानं पुसते, आणि मग विचारते — गाडी कधी येणार गं न्यायला? एकदा मी सांगून टाकलं, ताई, संपली ती स्पर्धा, केव्हाच बंद पडली. अहो, ऊर बडवून रडली. आणि सकाळी? पुन्हा तेच, गाडी कधी येणार! म्हणजे मी रोज सांगायचं आणि तिनं रोज नव्यानं रडायचं? नाही जमत मला. मी आपली 'उद्या' म्हणते. उद्या येईल ताई, उद्या नक्की.

तिच्यासाठीच म्हणते हो. म्हणजे... माझंही आहेच त्यात. बॉल मांडीवर असला की ती माझी ताई असते, अगदी पूर्वीची, मला ओरडते सुद्धा — बॉल उंच दे म्हणून. तो नसेल तेव्हा नुसती भिंतीकडे बघत बसते. आता सांगा, कसा देऊ मी?

अगं, तू कशाला उठलीस? भिंत धर, भिंत धर. — हे होय? हे... काही नाही, पाहुणे आलेत. — गाडीवाले? हो. हो ताई, गाडीच घेऊन आलेत. अहो, मान हलवा ना! — बघ, आले की नाही? मी म्हटलंच होतं तुला. चल, केस विंचरते तुझे, मग... काय? नाही येत म्हणजे? अगं, इतकी वाट बघितलीस आणि — गुडघ्यांचं काय एवढं? मी धरते ना तुला. नेटपर्यंत जायची नाही कशी, तुझी सर्व्हिस! — दुसरी कोणी? नाही ताई, दुसरी कोणी नको, तुझाच मान आहे तो... थांब, बॉल यांच्याकडे नको देऊस. राहू दे इथेच, आपण उद्या — हो. हो गं. मुली खोळंबल्या असतील, खरंय. तुझ्यावाचून सुरू कशी करणार त्या.

घ्या. घ्या हो, ती हात पुढे करून उभी आहे, दिसत नाही का? दोन्ही हातांनी घ्या. — हो ताई, सांगतील ते, हवा आजच भरलीय म्हणून सांगतील. बस तू. — आता आभारबिभार नकोत. निघा तुम्ही. जा ना, तिकडे सगळे थांबलेत म्हणतेय ती.