कोनच्या हळदीचा धवला

स्नेहल : आजी, थांब! मान आभाळाकडं करून नाही मारायचा तो स्प्रे.

ठमाबाई : मंग कसा? पंदरा दिस असाच मारतेय. सगला औषद घशात उतरतंय, कडू जहर. नाक हाय तसाच चोंदलेला.

स्नेहल : म्हणूनच! मान खाली, पायांकडं बघ. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक कानाच्या बाजूला. अन् हळूच श्वास घे, तपकिरीसारखं ओढू नको. रोज.

ठमाबाई : कवा सुटंल? रविवारी कोन गावात हृतिकची हलद हाय.

स्नेहल : पाच-सहा दिवस लागतात. पण हळदीचं गाणं, धवला, तर मालूकाकी गाणार ना?

ठमाबाई : गाणार! चालीस वर्सां या गावांची हलद माज्या धवल्यावर लागली. त्या मालूला येकेक शबूद मी भरवला, शेंबडी होती तवा. न् तीच हृतिकच्या आयशीला सांगून आली, 'ठमाबाय आता नाकात गाते, देवांनापन कलायचा नाय.'

स्नेहल : ॲलर्जी आहे ती. फार्महाऊसवाल्यांची सातवीण फुलली की आपलं अर्धं नेरं गाव शिंकतं.

ठमाबाई : शिंकू दे. हृतिकची आय बोललीय, रविवारी जिचा गला मोकला, ती पाटाशी गायला बसंल.

मालू : (दारातून) मावशी, हाव काय घरान?

ठमाबाई : ये गो मालू. आवाज काय असा, मडक्यात तोंड घातल्यासारका?

मालू : चार दिस नाक गच्च हाय. डाक्टरनी ह्यो फवारा दिला, कसा मारायचा ता इसरले. तुमीपन मारता ना?

ठमाबाई : सोपा हाय. मान मागं टाक. आजून. आढ्याकडं बघ. आता दाब, न् जोरात ओढ.

मालू : आग आयशी! कडू कडू झाला!

ठमाबाई : कडू लागला म्हंजे बरोबर बसला. रोज असाच मार.

मालू : मावशी... मी कोन गावात तुमच्याविशयी नाय ता बोलले. मनात नका ठेवू.

ठमाबाई : जा, घरी चूल खोलंबली आसंल.

स्नेहल : आजी! गेली ती. उलटं शिकवलंस तिला!

ठमाबाई : उलटा कशाला? मी पंदरा दिस केला, तोच सांगितला.

स्नेहल : माफी मागत होती ती.

ठमाबाई : आयकला मी. कान नाय चोंदले माजे.

स्नेहल : मग?

ठमाबाई : सोमवारी बोलवून नीट शिकवीन. धवलापन मीच शिकवलावता. आन ती बाटली इकडं. मान खाली, म्हनालीस ना?