दामाजीशेठ डेड!

नाही पण, मला एक सांगा, गोपीनाथला हे धंदे सांगितले होते कुणी? कबड्डी होती, टेनिस बॉलचं क्रिकेट होतं, भजनाच्या स्पर्धा होत्या, भरव ना बाबा त्यातलं काहीतरी! पण नाही! डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या गावात, चौऱ्याण्णव साली, जिथे नळाच्या पाण्यासाठी मारामाऱ्या चालायच्या, तिथे ह्या गृहस्थाला रोबोंची मारामारी भरवायची होती!

बरं, रोबो म्हणजे तुम्हाला वाटेल पत्र्याचा माणूस, डोळ्यांत लाल दिवे... छे हो! गावालाही तेच वाटलं होतं. आख्खं गाव गोपीनाथच्या कॉम्प्युटर क्लासात लोटलं आणि बघतात तर काय, काळ्या पडद्यावर चार ठिपके वळवळतायत. एक म्हातारा उठला, म्हणाला, "गोपी, ह्ये तं ढेकून हायत रं! आमचे खाटल्यान हाईत की, त्यांच्यासाठी मशीन कशाला?"

आता ते ढेकूण नव्हते, तुम्हाला सांगतो. ज्यानं त्यानं आपल्या रोबोचा प्रोग्रॅम घरून लिहून फ्लॉपीवर आणायचा... कुणाला बघायचं, कधी पळायचं, समोर अमुक दिसला तर तोफ डागायची की नाही डागायची... आणि एकदा मशीनमध्ये सोडला की मालकानं हाताची घडी घालून गप्प बसायचं. रोबो आपापले लढणार. जिंकेल त्याला गुण, गुणांप्रमाणे नंबर, आणि दर रविवारी नंबर फळ्यावर. वशिला नाही, चिठ्ठी नाही, काही नाही!

आणि इथेच गोपीनाथचं दुखणं होतं हो. जन्मभर त्यानं काय पाहिलं? कबड्डीचा पंच कोण, तर कॅप्टनचा मेहुणा. भजनाचा परीक्षक कोण, तर बुवाचा सासरा! त्याला फक्त एवढंच हवं होतं, की आपल्या गावात एक तरी नंबर खरा लागावा. एकच! त्यासाठी पठ्ठ्या ठाण्याला गेला, कल्याणला गेला, कॉलेजांच्या गेटवर उभा राहिला आणि पोरांना छाती ठोकून सांगत सुटला, "या, बिनधास्त या! मशीन कोणाच्या बापाचं ऐकत नाही!"

आली की पोरं. का नाही येणार? टिटवाळ्याचा चांगदेव आला, ठाण्याची सरोज आली. इंजिनियरिंगची पोरगी, जीभ अशी की कात्री बरी. गोपीनाथ हरखला. आणि हरखला तिथेच चुकला. कारण रोबोंना नावं काय द्यायची, असा प्रश्न निघाला, आणि हा म्हणतो कसा, "बैलगाडी कशी मालकाच्या नावानं पळते? तसा रोबोही मालकाच्या नावानं लढेल." टाळ्या! कडकडून टाळ्या!

आता क्लासचा गाळा कुणाचा? दामाजीशेठचा. वीज कुणाची? दामाजीशेठची. दारावरचा भोंगासुद्धा शेठचाच. भातशेती होती तिथे बिल्डिंगा उभ्या केलेला माणूस, तो म्हणाला, "आमचा पन येक रोबो टाक." टाकला! शेठच्या भाच्यानं प्रोग्रॅम लिहिला, त्यात चालायची ओळच लिहायला विसरला. म्हणजे रोबो सोडाल तिथे उभा. तोफ नाही, पाय नाही, नुसता रुबाब.

पहिलीच लढत, सरोज विरुद्ध दामाजी. माइकवर कोण, तर काळुराम, कबड्डीचा कॉमेंटेटर! आणि भोंगा चालू, हे लक्षात घ्या. तिकडे गावात बायका मासे साफ करतायत, आणि वरून आवाज येतोय...

"सरोजनं दामाजीशेठना एकटं गाठलेलं आहे! दामाजीशेठ मधोमध उभे आहेत! सरोज जवळ येते आहे... अजून जवळ येते आहे... दामाजीशेठ विरोध करत नाहीत! अरेरेरे, काय हे... दामाजीशेठ... डेड!"

झालं! शेठची म्हातारी आई, भागीरथीआजी, ऊर बडवत रस्त्यावर. "माजे पोराला कोनी मारला गो बाय!" मागून शेठची बायको शकू. ती रडत नव्हती, ती विचारत होती, "पयली सांगा, ही सरोज कोन?" कुणीतरी तिरडीचे बांबू आणायला माणूससुद्धा धाडला! आणि शेठ? शेठ सलूनमध्ये. अर्ध्या तोंडाला साबण, गळ्यात फडकं, तसाच पळत आला बिचारा, "अगो मी हाय! जित्ता हाय!" तर आजी त्याला बघून आणखीनच किंचाळली.

शेठ चिडला का? अजिबात नाही. तीच तर गंमत! साबण पुसला, गाळ्यात आला, छताकडे बघितलं, गोपीनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "गोपी, गाळ्यान हवा बरी येते ना रं?" बस! एवढंच बोलला आणि गेला. पण हे सगळ्यांनी ऐकलं ना!

पुढच्या रविवारपासून चमत्कार! दामाजी हरेचना! उभा आहे तसाच, खुंटासारखा, आणि बाकीचे रोबो त्याला बघितलं की तोफ फिरवून एकमेकांना मारतायत. ह्याला ओरखडा नाही. फळ्यावर नंबर वर, वर, वर... सरोजनं विचारलं, "काका, हा काही न करता वर कसा चढतोय?" गोपीनाथ म्हणाला, "अगं, मशीन कोणाच्या बापाचं ऐकत नाही!" आता नाही ऐकत, कबूल. पण ओळ लिहाल ते तर ऐकतं ना! जो तो घरून एक ओळ घालून आणत होता : समोर दामाजी असेल तर तोफ दुसरीकडे.

आणि आला अंतिम सामना. दामाजी, सरोज, चांगदेव आणि खुद्द गोपीनाथ, हो, आपलाही एक रोबो त्यानं टाकला होता, चौघांना एकदम सोडलं. सरोजचा रोबो सुटला तो सरळ दामाजीवर. इतक्यात चांगदेवच्या रोबोनं तिला मागून हाणली. हाणणारच, टिटवाळ्याला तो राहायला शेठच्याच चाळीत! गोपीनाथच्या रोबोनंही तिलाच झोडली. काळुराम आता शिकला होता, म्हणाला, "सरोज... विश्रांती घेत आहेत!" मग गोपीनाथनं चांगदेवला विश्रांती दिली. उरले दोन.

गोपीनाथच्या रोबोकडे तोफ भरलेली, समोर दामाजी पाठ करून उभा. एक गोळा, एकच! आणि गावाला जन्मात पहिल्यांदा खरा नंबर लागणार! सगळी पोरं गोपीनाथकडे बघतायत, आणि गोपीनाथ जमिनीकडे बघतोय. कारण तुम्हाला सांगतो, ती ओळ त्यानंही घातली होती हो! आपला रोबो कुठला अंतिम सामन्याला पोचतोय, असू दे आपली एक ओळ, असं म्हणून घातली होती. नेमका त्याचाच प्रोग्रॅम सगळ्यात भारी निघाला!

रोबो दामाजीजवळ गेला. तोफ उचलली. तोफ बाजूला वळवली. आणि पुढे काय करायचं ते लिहिलेलंच नव्हतं, म्हणून दामाजीभोवती गोल फिरायला लागला. एक फेरी, दुसरी फेरी... काळुरामला भरून आलं, "प्रदक्षिणा! मंडळी, प्रदक्षिणा!" लोक टाळ्या वाजवतायत, आजी हात जोडतेय, वेळ संपली. ओरखडा नाही म्हणून दामाजी पहिला, गोपीनाथ दुसरा!

ठाण्या-कल्याणच्या पोरांनी फ्लॉप्या उचलल्या. गोपीनाथ मेल्याहून मेल्यासारखा झालेला, तरी धावला दारापर्यंत, "सरोज, थांब गं, खरा हुशार रोबो तुझाच होता!" ती वळली, म्हणाली, "नाही काका, तुमचाच. माझ्याला नुसतं लढता येतं. तुमच्याला गावात राहायचं कसं ते कळतं."

तेवढ्यात मागून शेठ आला, गळ्यात हार, हातात नारळ, एकदम खूश! "गोपी, मशीन एक नंबर हाय रं! पालिकेचं इलेक्शन येतंय, उमेदवार कोन ते पन ह्यालाच इचारू. मानसावर काय भरवसा नाय."

आणि गोपीनाथ म्हणाला, "फ्लॉपी तयार ठेवतो, शेठ."