चार सुरांची हाक

विमल : अजून नाही बोललं ते इमान, दादा?

इंद्रभान : नाही.

विमल : एक घंटा होऊन गेला. माहा एकुलता एक देवमन बसला त्याच्यात, आन् तुमी म्हणता, गप्प हाये तं बरं हाये. गप्प असणं बरं कसं असते?

इंद्रभान : इमल, आधी बस बरं. तू उभी राहिलीस की मलाही उभं राहावंसं वाटतं.

भागिरथा : ते काय बसते! सकाळपासून ओसरीतल्या ओसरीत मेडशी ते मालेगाव दोन खेपा झाल्या तिच्या.

विमल : वयनी, तुमाले मस्करी सुचते. यंदा सालाच्या पयल्याच दिवशी मुंबईहून उडालेलं इमान समुद्रात पडलं का नाही? मी तं म्हणतच होती, नको जाऊ कुवेतले, इथंच फिटरचं काम पाय. तं मामानं सांगितलं, जाऊ दे त्याले.

इंद्रभान : मीच सांगितलं. आजही तेच सांगेन.

विमल : मंग त्या डब्ब्याले सांगा ना बोलाले.

इंद्रभान : पुन्हा समजावतो. देवमननं पोस्टकार्डात विमानाचा नंबर लिहिला, म्हणून या रिसीव्हरवर आपल्याला ते सापडलं. नऊच्या सुमारास निघालं. निघाल्यावर वैमानिकानं मुंबईच्या वायरलेसवाल्याला चार अक्षरं सांगितली. डी-जे, के-एम. हे त्या विमानाचं पाळण्यातलं नाव समज. मुंबईनं लगेच ती अक्षरं सुरांत वाजवून वर पाठवली. आधी दोन सूर एकदम, मग दुसरे दोन एकदम. विमानात घंटी वाजली. तो म्हणाला, वाजली. झालं! आता त्यानं आपल्यासारखी ही खरखर ऐकत बसायची गरज नाही. काम पडलं की मुंबई तेच सूर वाजवेल आणि साऱ्या आभाळात त्याचीच घंटी वाजेल.

विमल : बाकीच्याहिची काहून नाही वाजत?

इंद्रभान : हां, हे चांगलं विचारलंस. गुराखी चांदीला हाक मारतो, तेव्हा बाकीच्या गाई येतात का?

विमल : मान बी नाही उचलत.

इंद्रभान : तसंच. सूर एकंदर बारा. त्यातले आपले चार, आपल्या क्रमानं आले तरच ते यंत्र जागं होतं. यंत्र यंत्राशी बोलतं. शब्द एक नाही, पण निरोप पक्का.

भागिरथा : आन् यायनं कुठंसं वाचलं म्हणे, अमेरिकेत आता समदाच निरोप असा यंत्रा-यंत्रातून जाईन. माणसाचा आवाजच नाही.

विमल : मंग आयाहिनं काय ऐकावं वं?

भागिरथा : खरखर.

विमल : दादा, एक विचारू? तिथं इंग्रजीत काही वंगाळ बोलले, तं तुमी मले सांगसान ना?

इंद्रभान : त्यापेक्षा तुला सूर ओळखायला शिकवतो. तो हंडा घे. चमच्यानं वाजव. आता हा पेला.

विमल : मी काय विचारून राह्यली आन् हे काय सांगून राह्यले!

भागिरथा : ते नाही सांगनार, बाई. नागपूरले नोकरीवर चढले तवा शपथ घेतली होती. वायरलेसवर जे कानात आलं ते कानातच ठेवायचं. तीस वर्सं ठेवलं. पेन्शनीत निघाले तरी कान रिकामे नाही झाले.

इंद्रभान : शपथ नोकरीपुरती नसते, भागिरथा.

भागिरथा : जमनाबाईले बी हेच सांगितलं असतं तं बरं झालं असतं.

विमल : कोन जमनाबाई?

भागिरथा : आमची शेजारीण, नागपूरची. मूळची धनजची. तिचा मालक जगदेव मालाच्या इमानात मेकॅनिक होता. एक दिवस ते इमान आलंच नाही. तुह्या दादाले दुपारीच ठाऊक होतं. सांजच्याले जमनाबाई पाटोडीचा रस्सा घेऊन आली, पितळी वाटीत. इचारलं, भाऊ, आज उशीर हाये का त्याहिले? तं हे काय बोलले, त्याहिलेच इचार.

विमल : काय बोलले, दादा?

इंद्रभान : म्हटलं, रस्सा चांगला झालाय.

विमल : अरे बाप्पा.

भागिरथा : दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं तिनं. पुन्हा आमच्या दाराची पायरी नाही चढली.

इंद्रभान : इमल, हंडा वाजव. पहिली जोडी खालची, जड. दुसरी जोडी वरची. ऐक आणि मनात धर.

विमल : हंडा... मंग पेला. हंडा, पेला. दादा, मी लेकराचं ऐकाले आली आन् तुमी मले भांडे वाजवाले लावता.

इंद्रभान : तुझ्याच कानानं ऐकलंस, तर मला सांगायची पाळी येणार नाही.

भागिरथा : बघा, कशी गल्ली काढली मानसानं!

(रेडिओतून दोन जड सूर एकत्र येतात, मागोमाग दोन उंच. मग नुसती खरखर.)

विमल : हंडा... पेला. दादा! आपलेच हायेत हे!

इंद्रभान : ...हो.

विमल : तं घंटी वाजली असन त्याची. आता बोलन ना तो? काहून नाही बोलून राह्यला?

इंद्रभान : थांब.

विमल : पुन्हा वाजले! दादा, पुन्हा हाक आली त्याले. तिकडून कोनी काहीच नाही बोललं. मले आता समजते, मले गप्प नका करू.

भागिरथा : आवाज अजून किती वाढवसान, अहो?

इंद्रभान : एरियलच्या तारेवर लुगडं तर नाही ना वाळत घातलं? बाहेरची तार बघ.

भागिरथा : चार सालांपासून नाही घालत. तार मोकळी हाये. तुमी तिच्याकडं पाहा.

विमल : दादा, रस्सा चांगला झाला असं नका म्हनू मले.

इंद्रभान : नाही म्हणत. बस. सांगतो, सगळं सांगतो. साडेदहाला त्यानं आपण कुठवर आलो ते मुंबईला कळवायचं होतं. कळवलं नाही, म्हणून मुंबई हाक मारतेय. दोनदा मारली. मुंबईचा माणूस इंग्रजीत म्हणाला, माझं ऐकू येत असेल तर बोला. उत्तर नाही. का नाही, ते मला ठाऊक नाही. कधीकधी दिवस चढला की आवाज पोचत नाही. कधीकधी... इमल, मला ठाऊक नाही. एवढंच आहे माझ्याजवळ. काहीच मागे ठेवलं नाही.

विमल : बुद्धं सरणं गच्छामि...

भागिरथा : माह्या हाताले धर. घट धर.

विमल : तिसऱ्यांदा. हंडा, पेला. उठ ना रे, देवमन. घंटी वाजून राह्यली ना रे तुही.

इंद्रभान : शू. कोणीतरी बोलतोय. दुसरा आहे. दुसरं विमान, कुवेतकडून मुंबईला येणारं.

विमल : काय म्हणते तो? दादा!

इंद्रभान : म्हणतो, तुम्ही ज्याला हाका मारताय त्याचा आवाज मला ऐकू येतो. तुमचा त्याला पोचत नाही. त्यानं आपलं ठिकाण मला सांगितलंय, लिहून घ्या... आता आकडे सांगतोय... वेळेवर आहे. पस्तीस हजार फुटांवर. म्हणतो, आता तो मस्कतशी बोलतोय. सगळं ठीक.

विमल : पुन्हा सांगा.

इंद्रभान : सगळं ठीक.

विमल : पुन्हा.

इंद्रभान : तुझा देवमन वेळेवर आहे. बहुतेक जेवतोय.

भागिरथा : घ्या! इथं आईच्या तोंडात पानी नाही, आन् पोट्टं तिकडं आभायात जेवून राह्यलं.

विमल : कोन होता तो दुसरा? भला मानूस. आपलं काही नातं नाही, गोतं नाही, आन् ऐकलं तं सांगितलं त्यानं.

इंद्रभान : हो. सांगितलं.

विमल : दादा, त्या दिवशी बी असेच सूर वाजले होते का? जगदेवभाऊच्या इमानाले?

इंद्रभान : तेव्हा नागपूरला सूर नव्हते. माणसानंच हाक मारायची, आवाजानं.

भागिरथा : कोनं मारली?

इंद्रभान : पाळी माझी होती. सतरा वेळा हाक मारली. अठराव्या वेळी साहेबानं माझ्या हातातून माइक काढून घेतला.

भागिरथा : हे सोळा सालांत मले नाही सांगितलं तुमी.

इंद्रभान : शपथ...

भागिरथा : जळो ते शपथ! तिले वाटते, भाऊले ठाऊक होतं आन् भाऊ रस्सा जेवला. येवढंच घेऊन गेली ते धनजले. तुमी सतरा हाका मारल्या, हे कोन सांगावं तिले?

इंद्रभान : अजून धनजलाच आहे?

भागिरथा : लेकापाशी राह्यते. बोलत नाही तं काय झालं, खबर तं येते.

इंद्रभान : तिकडची यष्टी किती वाजता असते?

विमल : कारंज्यावरून जा लागते, दादा. दुपारची भेटन. मी बी येतो. देवमनचं कसं झालं ते मी सांगीन, मंग तुमाले बोलाले सोपं जाईन.

इंद्रभान : तिची ती वाटी...

भागिरथा : फळीवर हाये. दर दिवाळीले घासतो मी.

इंद्रभान : दे इकडं. पिशवीत ठेवतो.

भागिरथा : रिकामी वाटी परत देत असते का कोनी? बसा घटकाभर. कोरडी पाटोडी करून घालतो तिच्यात. रस्सा तिच्या चुलीवर झाला, तं झाला.