दादाच्या सायकलीचे दांडे

आमी मूळचे वडवणीकडले. बाप लवकर गेला, मंग आईनं आमा दोघा भावाला घेऊन बीड धरलं, पेठेत एका बागवानाच्या घरामागं खोली केली अन् लोकांची दळणं दळून आमाला वाढवलं. निजामाचा अंमल व्हता तवा. धोंडूदादा माह्याहून मोठा, अन् उंचबी लई. त्याला डाक न्यायची नोकरी लागली, बीड ते पाटोदा, सायकलीवर, अन् सायकल त्याची सोताची. मला काय, मला उजव्या गुडघ्यात नारू झालता. बारवंचं पाणी प्यायचो ना आमी, त्या पाण्यातून व्हायचा तो. नारूचा किडा निघाला, पण गुडघा आखडला तो आखडलाच, पुरा वाकायचा न्हाई.

मंग पटकीची साथ आली. दादा सकाळी डाक घेऊन गेलता, दिवस बुडायच्या आत त्याला गाडीत घालून आणला, अन् दुसऱ्या दिवशी समदं संपलं. काय सांगू तुमाला, मला रडूच आलं न्हाई. माणसं रडत व्हती अन् म्या लाकडं उचलून देत व्हतो. आई म्हणली ह्याचं काळीज दगडाचं हाय का काय. दगडाचं न्हवतं हो. बसून बसून पायाला मुंग्या आल्यावर तो पाय कसा आपला वाटत न्हाई, तसं समदं आंगच झालतं. वयनी तर बोलायचीच थांबली. भाकरी करायची, पाणी भरायची, पण तोंडातून शबुद न्हाई.

डाकखान्याचा जमादार घरी आला, म्हणला नोकरी भावाला देतो, तेवढं माह्या हातात हाय, पण डाक येळेवर पोचली पायजे, न्हाई पोचली तर दुसरा माणूस बघावा लागंल. म्या दादाची सायकल काढली. पण तिचे पायडलाचे दांडे लांब, जाड लोखंडाचे, दादाच्या टांगेला बसणारे. पायडल वर आलं की गुडघा वर यावा लागतो, अन् माहा तर वाकायचाच न्हाई. सपाटीला कसंबसं रेटायचो, मांजरसुंब्याच्या घाटात उतरून ढकलायचो. पाटोद्याला पोचस्तोवर तिथला डाकबाबू दारात येऊन उभा. जमादार एकडाव म्हणला, दोनडाव म्हणला, मंग बोलायचाबी थांबला, तवा मला कळलं की आता काय खरं न्हाई.

वेशीपाशी करीमचाचाचं सायकलीचं दुकान व्हतं. त्यांनी मला खाटंवर बसवलं, गुडघा वाकवून बघितला, कुठपर्यंत वाकतो ते हातानं चाचपलं. म्हणले बेटा, सायकल खराब न्हाई, ती तुझी न्हाई येवढंच. दोन जोड्या काढल्या त्यांनी. एक आखूड पण जाड, ती हाय तशी बसली असती. दुसरी आखूडबी अन् हलकीबी, औरंगाबादच्या छावणीतल्या कुण्या सायबाच्या शर्यतीच्या सायकलीची. चाचानं ती बागवानाच्या तराजूत घातली, दुसऱ्या पारड्यात दादाच्यासारखे लांब दांडे, तर हलक्या बाजूला दोन चांगली सीताफळं टाकल्यावर काटा सारखा झाला. घाटात तेवढंबी जाणवतं, चाचा म्हणले, घरी इचारून ये.

घरी इचारलं तर आई उठून सायकलीच्या म्होरं जाऊन बसली. माह्या लेकाची वस्तू हाय, त्यानं ठेवली तशी राहू द्या, हात लावायचा न्हाई कुणी. तवा चुलीपासून वयनी बोलली, इतक्या दिसांत पहिल्यांदा. आईला म्हणली, आत्या, सायकल त्यांची व्हती, पाय ह्यांचे हायत, बदलू द्या. आई उठली अन् वाटेतून बाजूला झाली.

पण हलकी जोडी बसवायला गेलो तर अडचण. दोन्ही दांडे ज्या मधल्या आसावर बसतात, तो आमच्या सायकलीचा थोडा बारीक व्हता. सायबाचा दांडा त्याच्यावर खुळखुळ हालायचा, अन् दात्याचं चाक खालच्या नळीला घासायचं. म्या म्हणलं चाचा, पत्र्याची पट्टी घालून ठोका की, उद्याची डाक हाय. चाचानं हत्यार खाली ठेवलं. म्हणले, ठोकतो, बसंल बी, अन् घाट उतरताना दांड्याची पिन निसटली तर तुझ्या आईम्होरं परत मी कोणत्या तोंडानं जाऊ?

मंग त्यांनी औरंगाबादला निरोप धाडला, त्याच जोडीचा आस मागवला. तो येईस्तोवर म्या डाक खांद्यावर घेऊन पायी गेलो, गुडघ्याला फडकं बांधून, आदल्या रातीच निघायचो. दुखायचा, पण कुणा दुसऱ्याचा दुखतोय असं वाटायचं. आस आला तवा चाचानं आधी कटोऱ्यात, म्हंजी आस फिरतो त्या वाटीत, फिरवून बघितला, आमचा कटोरा अन् छर्रे त्याला चालतात का, दोन्हीकडं सारखा निघतो का, दात्याचं चाक अन् नळी ह्यांच्यात बोट जातं का. जात व्हतं. साखळी सरळ आली. तवा कुठं त्यांनी पिना ठोकल्या. जुने दांडे फडक्यात बांधून माह्या हातात दिले, ते म्या आईजवळ नेऊन दिले.

दुसऱ्या दिशी निघालो. पाय गोल फिरायला लागला, गुडघा त्याला लागंल तेवढाच वाकायचा. घाटात न उतरता वर गेलो. वर थांबलो, वाटलं आता तरी काही वाटंल, आनंद म्हणा, दादाची आठवण म्हणा. काय न्हाई. भाकरीचं फडकं सोडलं, भाकर खाल्ली, पाणी प्यालो, पाटोद्याला पोचलो. बाबू दारात न्हवता, आतच बसलेला. त्यानं थैली घेतली अन् म्हणला, बस, च्या घे.

मोटार डाक न्यायला लागली तवर म्या त्याच रस्त्यानं सायकल चालवली. लगीन झालं, लेकरं झाली, आई गेली, चाचा गेले. वयनी आमच्यातच राह्यली, माह्या पोरांनी तिलाच आई म्हणलं. ती गेल्या सालाला गेली. तिला न्हेलं तवाबी माहे डोळे कोरडेच. बायको म्हणली रडा हो थोडं, हलकं वाटंल. पण न्हाई येत तर कुठून आणू. सकाळी उठतो, वयनी बसायची त्या जागी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवतो. कशापायी ठेवतो, कुणी इचारलं तर सांगता येत न्हाई. संध्याकाळी तो तुळशीला वततो.

असं हाय. तुमी लांबून आलात, माहं ऐकून घेतलं, देव तुमचं भलं करो. ऊन उतरू द्या, मंग निघा. घाटाचा रस्ता चढाचा हाय, सावकाश जावा.