दोन्ही कापडं बराबर

माझं माहेर सेनगावकडचं, वडील शिक्षक, त्यामुळे आम्हा बहिणींची शाळा कधी सुटली नाही, आणि सासर वसमतचं. तेव्हा आमचा सारा भाग परभणी जिल्ह्यातच होता. मी बी.ए. झालेली, पण बोलण्याची मला फार भीड, आजही आहे, तुम्ही समोर बसलात म्हणून एवढं तरी बोलते आहे. वस्तीतल्या बायकांनी मिळून शिवणकेंद्र काढलं आणि मी शिकलेली म्हणून मालाची व्यवस्था माझ्याकडे आली. शिवणं मला फारसं जमत नसे, हे आधीच सांगते.

व्यवस्था म्हणजे काय, तर कापड मालेगावहून मागवायचं, दोरा-गुंड्या नांदेडहून आणायच्या, वसमतला कापून गठ्ठे बांधायचे, ते एस.टी.नं गावोगावच्या बायकांकडे धाडायचे, आणि शिवून परत आले की काजं, इस्त्री, मग शाळा. कंडक्टर म्हणायचा, ताई, ह्या गठ्ठ्याचं तिकीट काढा, न्हाई तर मांडीवर घ्या त्याला. हसून सोडून द्यायचं. पण एका जागी अडलं की पुढच्या साऱ्याजणी हात बांधून बसत, हे माझ्या मनावर कायम असे.

सिद्धेश्वरकडच्या एका निवासी शाळेचं काम आमचं मोठं. फिकट निळा सदरा, गडद निळी चड्डी. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलेलं, पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला गणवेश पोरांच्या अंगावर पाहिजे, नाही तर पुढच्या साली काम नांदेडच्या दुकानाला. ते काम गेलं असतं तर केंद्र मिटलं असतं, आणि बायका पुन्हा दुसऱ्याच्या रानात हळद काढायला.

एका साली मी मापं घ्यायला शाळेत गेले होते आणि मालेगावच्या व्यापाऱ्याचा फोन केंद्राशेजारच्या एस.टी.डी. बूथवर आला. तो घेतला आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्याचा त्यांना अभिमान. व्यापाऱ्यानं विचारलं, दोनों कपड़ा बराबर? आता आपल्याकडे बराबर म्हणजे ठीक, बरोबर. मामंजींना वाटलं, मागणी नीट आहे का असं विचारतोय. ते म्हणाले, हां हां, बिल्कुल बराबर. पण व्यापाऱ्याच्या बोलीत बराबर म्हणजे सारखं, त्यानं दोन्ही कापडं सारख्याच मापानं पाठवली. काय सांगू तुम्हाला, सदऱ्याला कापड लागतं जास्त, चड्डीला कमी. फिकट कापड काम पुरं होण्याआधीच संपणार आणि गडद उरणार.

गठ्ठे सोडले तेव्हा कापणाऱ्या कालिंदाबाई म्हणाल्या, ह्या उरल्याल्या कापडाचं लोणचं घालू का आता? मामंजी दारातूनच म्हणाले, मी बराबर म्हनलो म्हंजी बराबरच म्हनलो, त्यानं दुसरं काहून समजावं? कालिंदाबाई म्हणाल्या, मामा, तुमची उर्दू लई ग्वाड, पन लेकरं उघडी राहतील की. मी मालेगावला फोन केला, तर त्या रंगाचं कापड संपलेलं, नव्या खेपेचा रंग जुळेल याची खात्री नाही, आणि पावसात ट्रान्सपोर्ट कधी पोचेल ते कुणालाच ठाऊक नाही.

दुपारभर बायका भांडल्या. एक म्हणे सदरे आखूड करा, दुसरी म्हणे पोरं वाढतात, आखूड कसे चालतील. शेवटी ठरलं की कॉलर, बाह्या आणि खिसा गडद कापडाचा लावायचा. नमुन्याचा सदरा शिवून झाला, पण तो घेऊन जायचं कुणी, तर मीच, कारण मालाची जबाबदारी माझी.

मुख्याध्यापकांनी सदरा उलटापालटा केला आणि म्हणाले, बाई, हा गणवेश आहे का बँडवाल्याचा पोशाख? मी एवढंच म्हणाले, सर, कापड कमी आलं, पण झेंड्याला सगळ्या पोरांच्या अंगावर असेल. वसतिगृहाचे अधीक्षक बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, सर, कॉलर काळी पडली म्हणून मी रोज पोरांना रागावून राहिलो, ही गडद कॉलर तरी मळ झाकील. सरांनी कॉलर बोटांत धरून पाहिली. मग म्हणाले, शिवा, पण ह्याच सालासाठी.

झेंड्याला गणवेश झाले. पुढच्या साली सरांनी स्वतःच निरोप धाडला, गडद कॉलर ठेवा, बाह्या मात्र फिकट करा. केंद्र पुढेही बरीच वर्षं चाललं.

मग तयार गणवेश बाहेरूनच यायला लागले, स्वस्त आणि वेळेवर, त्यात शाळेला दोष कशाला द्यायचा. केंद्र मिटलं. पण तोवर कालिंदाबाईंचं आणि इतरही कितीजणींचं घरचं मशीन झालेलं होतं. पोलकी शिवतात, परकर शिवतात, रानात कुणी परत गेलं नाही. परवा सिद्धेश्वरच्या रस्त्यावर त्या शाळेची पोरं दिसली, कॉलर अजून गडदच आहे. आता कुठल्या गावच्या बायका शिवत असतील, ठाऊक नाही. त्यांचं काम चालत राहो, एवढंच.